विश्लेषण : छळ सोसलेली मुलेच पुढे इतरांना का छळतात?

काल वर्गात ज्याला सगळे चिडवत होते, तोच आज लहान मुलांवर दादागिरी करतो, अशी तक्रार आली की पालक आणि शिक्षक दोघेही चक्रावतात. ज्याने त्रास भोगला, तो दुसऱ्याला त्रास कसा देऊ शकतो? मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत याच प्रश्नाचा अभ्यास केला आहे.

चिडवणे कधी छळ ठरते?

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात शाळांमधील छळाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांच्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या की तो छळ ठरतो. त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो वारंवार होतो आणि सोसणारा देणाऱ्यापेक्षा कमजोर असतो. दोन मित्रांनी एकमेकांची खेचणे यात येत नाही. मात्र दहा जणांनी मिळून एकाला रोज टोपणनावाने हिणवणे, त्याचा डबा लपवणे किंवा ग्रुपवर त्याच्या फोटोचे स्टिकर फिरवणे हा छळच. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगभरात जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला महिन्याभरात किमान एकदा असा त्रास झालेला असतो.

‘सोसणारे आणि देणारेही’ कोण?

समजा, मराठवाड्यातून आलेले एक कुटुंब नवी मुंबईत घणसोलीजवळच्या तळवली गावात भाड्याच्या खोलीत राहते. वडील एमआयडीसीत कामाला जातात. आठवीतल्या मुलाच्या बोलण्याची वर्गात रोज नक्कल होते. तो घरी काही सांगत नाही. सहा महिन्यांनी तोच मुलगा मैदानात सहावीतल्या मुलाची बॅट हिसकावतो आणि त्याला शिव्या घालतो. त्या मुलाची आई शाळेत येते. शाळेच्या नोंदीत फक्त बॅटचा प्रसंग येतो, आधीचे सहा महिने येत नाहीत.

संशोधक अशा मुलांना ‘बुली-व्हिक्टिम’ म्हणतात. हा गट लहान आहे. छळ सोसलेली बहुतेक मुले पुढे कोणाला छळत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे.

मग काही जण का बदलतात?

पहिले कारण म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर. ताकदवान मुलाला उलट उत्तर देता येत नाही, तेव्हा राग आपल्यापेक्षा कमजोर मुलावर निघतो.

दुसरे कारण अनुकरणाचे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये केलेल्या ‘बोबो डॉल’ प्रयोगात, मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी स्वतःही तसेच केले. घरात मार खाणारे किंवा वर्गात दादागिरीचा फायदा पाहणारे मूल ‘असे केले की लोक घाबरतात’ हे शिकते.

तिसरे कारण संशयाचे. केनेथ डॉज यांच्या संशोधनानुसार आक्रमक मुले साध्या प्रसंगातही समोरच्याचा हेतू वाईट असल्याचे मानतात. सतत त्रास झालेल्या मुलातही ही सवय रुजू शकते. जिन्यात चुकून लागलेला धक्काही त्याला मुद्दाम मारलेला वाटतो आणि तो आधीच हात उगारतो.

चौथे कारण गटातील जागेचे. रॉबर्ट फॅरिस आणि डायान फेल्मली यांच्या २०११च्या अमेरिकेतील अभ्यासात, गटात वर चढणारी मुले अधिक आक्रमक होत गेल्याचे दिसले. अगदी वर पोहोचलेल्यांत मात्र हे प्रमाण घटले. आपली पाळी टळावी म्हणून काही मुले छळणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहतात.

रॅगिंग हेच चक्र आहे का?

बऱ्याच अंशी हो. ‘आम्ही सोसले, आता तुम्ही सोसा’ हे वसतिगृहातील समर्थन सर्वांनी ऐकलेले आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये आला, तर यूजीसीचे नियम २००९ मध्ये लागू झाले. शाळांसाठी सीबीएसईने २०१५ मध्ये छळविरोधी समिती नेमण्याची सूचना केली.

सर्वाधिक नुकसान कोणाचे?

याच दुहेरी गटाचे. अमेरिकेत १,४२० मुलांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेणारा अभ्यास २०१३ मध्ये ‘जामा सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. छळ सोसणाऱ्या आणि करणाऱ्याही मुलांमध्ये पुढे नैराश्य आणि पॅनिक डिसऑर्डरचा धोका जास्त आढळला. मुलग्यांमध्ये आत्महत्येच्या विचारांचे प्रमाणही अधिक होते. या मुलांना सोसणाऱ्यांची सहानुभूती मिळत नाही आणि दादा मुलांसारखे मित्रही मिळत नाहीत.

शिक्षा पुरेशी आहे का?

नाही. केलेल्या गोष्टीची जबाबदारी मुलाने घ्यायलाच हवी. बॅट परत द्यावी, माफी मागावी, लहान मुलाला पुन्हा त्रास होणार नाही याची खात्री शाळेने करावी. मात्र त्यासोबत ‘तुझ्याशी कोणी असे वागते का?’ हा प्रश्न एकांतात विचारायला हवा. पहिला छळ सुरूच राहिला, तर शिक्षेचा रागही पुन्हा कमजोर मुलावरच निघतो.

फिनलंडमध्ये २००९ पासून देशभर राबवलेल्या ‘किव्हा’ कार्यक्रमाचा भर बघ्यांवर आहे. हसणारे थांबले की छळणाऱ्याचा भाव उतरतो, असे त्यामागचे सूत्र. आपल्याकडेही वर्गशिक्षकांना हे करता येईल.

पालकांनी काय पाहावे?

मूल शाळेत जायला टाळाटाळ करते का, वस्तू हरवतात का, फोन पाहून गप्प होते का आणि धाकट्या भावंडांवर अचानक हात उगारते का? उत्तर हो असेल तर ओरडण्याआधी ऐकून घ्यावे. ‘तूही मारून ये’ हा सल्ला देऊ नये. हे चक्र अनेकदा तिथूनच सुरू होते.

मदतीसाठी : चाइल्डलाइन १०९८, टेली-मानस १४४१६.