वय कमी आहे म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढू नका



मासळीचा क्रेट उचलताना छातीत दुखलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं: "गॅस असेल, जरा बस." आणि बाई चाळिशीची, शुगर-बीपी नसलेली असेल, तर हार्टचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. म्हणून आज हे लिहितोय.

हार्ट अटॅक म्हणजे चरबी साठून नस बंद, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण 'स्कॅड' नावाचा एक वेगळा प्रकार आहे. यात हृदयाच्या नसेचं आतलं अस्तर अचानक फाटतं, किंवा नसेच्या भिंतीत रक्त साचतं. पंपाच्या रबरी पाइपाचं अस्तर आतून सुटलं, तर पाइप बाहेरून धड दिसतो, पण पाणी अडतं. तसंच हे.

स्कॅडच्या १० रुग्णांत साधारण ९ बायका असतात, बऱ्याच जणी पन्नाशीच्या आतल्या. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही हा होतो. मोठा मानसिक धक्का किंवा जड ओझं उचलणं निमित्त ठरू शकतं.

ओळखतात कसा? पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो, असं नाही. दुखत राहिलं तर ईसीजी परत काढतात. रक्तातलं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासतात. ते वाढलं तर बहुतेक वेळा अँजिओग्राफी करतात. तिथेही स्कॅड कधी चरबीच्या अडथळ्यासारखाच दिसतो. मग गरज पडल्यास नसेत बारीक तार घालून आतून भिंत पाहतात.

निदान नेमकं हवं, कारण उपचार बदलतो. स्टेंट टाकताना चीर वाढू शकते. त्यामुळे रुग्ण स्थिर असेल तर बहुधा औषधं देऊन दवाखान्यात लक्ष ठेवतात. बहुतेकांची नस काही महिन्यांत आपोआप भरून येते. रक्त पूर्ण अडलं असेल तर मात्र स्टेंट किंवा ऑपरेशन लागू शकतं. हे डॉक्टरच ठरवतील.

छातीत दाब, हात-जबडा-पाठ दुखणं, घाम, धाप, मळमळ असं झालं तर लगेच १०८ लावा. स्वतः गाडी चालवू नका. आपल्या विजय नगरात ए. बी. रोडवर, रिंग रोडवर मोठी हॉस्पिटलं जवळच आहेत, पण जिथे अँजिओग्राफी होते तिथेच जा. डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: दुखणं काय करताना सुरू झालं आणि नुकतंच बाळंतपण झालंय का. "वय कमी आहे" म्हणून घरी पाठवत असतील, तर नम्रपणे विचारा, "ट्रोपोनिन तपासलं का? परत कधी तपासणार?"

घरातल्या बायकांना हे वाचून दाखवा. त्या स्वतःचं दुखणं शेवटी सांगतात.