पगारवाढ घ्यावी की नाकारावी? एस.टी.चे चालक, विमानांचे वैमानिक आणि आपला कारागीर

मैंदर्गीचा व्यापार रस्त्यावर चालतो. गावात रेल्वेचे स्टेशन नाही. गाडी धरायची तर दुधनी किंवा अक्कलकोट रोड गाठावे लागते. सोलापूरच्या पेठेतून माल आणायचा, दुधनीच्या बाजारात जायचे, अक्कलकोटला येणाऱ्या भाविकांच्या गर्दीत चार पैसे कमवायचे, तर लहान दुकानदाराला आणि फेरीवाल्याला आधार एस.टी.चा. म्हणून एस.टी.च्या चालक-वाहकांचा पगार हा आपल्या धंद्याशी संबंध नसलेला विषय आहे, असे कोणी समजू नये. त्यांच्या घरात पगारावरून दुफळी झाली, की कुलूप आपल्या दुकानाला लागते.

२०२१ साली हे दोनदा दिसले. त्या वर्षी ७ एप्रिलपासून शेजारच्या कर्नाटकातील सरकारी बसचे कामगार वेतन आयोगाच्या मागणीसाठी पंधरा दिवस संपावर होते. सीमेवरच्या गावांना त्याची झळ बसली. ती विसरते न विसरते तोच ऑक्टोबरअखेर महाराष्ट्राची एस.टी. थांबली, आणि ती पुरती रुळावर यायला पुढच्या वर्षाचा एप्रिल उजाडला. एवढा लांबलेला संप एस.टी.च्या इतिहासात दुसरा नाही. वडापवाल्यांनी मनाला येईल ते भाडे घेतले, आणि ज्यांचा नफाच प्रवासखर्चाएवढा होता त्यांनी फेरीच बंद केली.

हा संप का झाला, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हास आज दुसऱ्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. पगारवाढ समोर आल्यावर कामगारांत फूट का पडली? आणि त्या फुटीतून आपल्या धंद्यातल्या लोकांनी काय शिकावे?

एक प्रस्ताव, तीन भाव

प्रथम घडले ते क्रमाने पाहू. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी संघटनांच्या कृती समितीने उपोषण केले. महागाई भत्ता आणि घरभाडे यांवर सरकारने काही मान्य केले, समितीने उपोषण सोडले. पण अनेक आगारांतले कामगार कामावर गेले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की भत्ता नको, महामंडळ राज्य शासनात विलीन करा आणि आम्हाला सरकारी नोकर माना. म्हणजे पुढारी ‘हो’ म्हणाले आणि अनुयायी ‘नाही’ म्हणाले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातली आगारे ओस पडली.

२४ नोव्हेंबरला त्या वेळचे परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात वाढ जाहीर केली. एक ते दहा वर्षे नोकरी झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना ४,००० रुपये आणि वीस वर्षांच्या वर नोकरी झालेल्यांना २,५०० रुपये. दुसऱ्या दिवशी आझाद मैदानावरच्या आंदोलनातून आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत बाजूला झाले. वकील गुणरत्न सदावर्ते यांच्या पाठीशी असलेले कामगार मात्र विलीनीकरणाशिवाय हटायला तयार नव्हते. काही कामावर गेले, बहुतेक बाहेर राहिले. एकाच आगारात, एकाच गाडीवर वर्षानुवर्षे जोडीने काम केलेले चालक आणि वाहक दोन बाजूंना उभे राहिले.

व्यापारीबंधूंनो, हिशेब मांडून पाहा. उदाहरणापुरते धरू, की एका जुन्या चालकाचा पगार महिना ३० हजार आहे. तो आणखी पाच महिने घरी बसला, तर दीड लाख गेले. त्याला मिळणारी वाढ २,५०० रुपयांची. हा दीड लाख त्या वाढीतून भरून यायला साठ महिने, म्हणजे पाच वर्षे लागतील; आणि निवृत्ती तर दाराशी आलेली. नवा चालक २० हजारांचा धरा. त्याचा एक लाख बुडतो, पण वाढ ५,००० ची असल्यामुळे तो वीस महिन्यांत भरून निघतो. शिवाय त्याच्यापुढे पंचवीस वर्षांची नोकरी आहे. विलीनीकरण झाले तर सरकारी वेतनाचा सर्वांत मोठा लाभ त्यालाच. म्हणून जुना माणूस एका कारणाने नाराज, नवा दुसऱ्याच कारणाने अडून बसलेला. यात गद्दार कोणी नव्हता आणि वेडाही कोणी नव्हता. प्रत्येकाचे गणित वेगळे होते, आणि ती गणिते एका पाटीवर मांडून मोजणी कोणी केली नाही.

पुढचा भाग वाचकांना ठाऊक आहे. हजारो कामगार निलंबित झाले. काहींनी निराशेने जीव दिला. मुख्य सचिवांच्या समितीने विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल दिला, तो मार्च २०२२ मध्ये विधिमंडळापुढे आला. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर परतण्यास सांगितले, तेव्हा गाड्या सुटल्या.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे पुष्कळांचा समज असा, की संप म्हणजे पुढाऱ्याने हात वर करायचा आणि बाकीच्यांनी घोषणा द्यायची. महाराष्ट्रात कामगार संघटनांच्या मान्यतेसंबंधी १९७१ साली कायदा झाला. मान्यताप्राप्त संघटना असेल तिथे संपाची नोटीस देण्यापूर्वी तिच्या सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा आणि नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावे, अशी अट त्यात घातली गेली. ‘आधी मोजा, मग बोला’ एवढाच त्याचा मथितार्थ. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही मोजणीवरच भर दिला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ज्या संघटनेकडे ५१ टक्के कामगार, तिलाच एकटीने वाटाघाटी करण्याचा अधिकार, असे ती सांगते. रेल्वेतही कोणती संघटना कामगारांच्या वतीने बोलणार हे २००७, २०१३ आणि २०२४ साली गुप्त मतदानाने ठरवले गेले.

मतदान झाले म्हणजे भांडण मिटले, असे मात्र नाही. हे समजून घेण्यासाठी आपण एस.टी.च्या स्टँडवरून थोडे विमानतळावर जाऊ.

वैमानिकही दोन गटांत

सोलापूरकरांना आता छोटी विमाने नवीन नाहीत. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. मोठ्या शहरांना लहान गावे जोडणाऱ्या अशा कंपन्यांना प्रादेशिक विमान कंपन्या म्हणतात. विमान चालवणारा माणूस लाखोंनी कमावत असेल, असा आपला समज. अमेरिकेत २०१४ च्या सुमारास अशा कंपनीतल्या नव्या सहवैमानिकाला उड्डाणाच्या तासाला २५ डॉलरच्या आसपास मिळत, आणि तेही विमान चालू असेल तेवढ्याच तासांचे. शिकण्यासाठी काढलेले कर्ज डोक्यावर असे ते वेगळेच.

तिथल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ताब्यात अशा काही लहान कंपन्या होत्या. मालकाने त्यांच्यापुढे सौदा ठेवला, की वेतनावर मर्यादा मान्य करा, म्हणजे नवी विमाने तुम्हाला देऊ. पीएसए या कंपनीच्या वैमानिकांनी २०१३ साली तो स्वीकारला. ३० नवी विमाने तिच्याकडे गेली. अमेरिकन ईगल या दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपुढे तसाच प्रस्ताव आला, तेव्हा मार्च २०१४ मधील मतदानात सुमारे ७० टक्क्यांनी तो फेटाळला. एका मालकाचे दोन कारागीर. एकाने कमी दर घेऊन काम उचलले, दुसऱ्याने नकार दिला. आपल्या पेठेतही हे रोज घडते.

नकार देणाऱ्यांना फटका बसला. काम दुसरीकडे वळू लागले, आणि पुढे नव्या अटींवर करार झाला तेव्हाच नवी विमाने त्यांच्याकडे आली. पण गोष्ट तिथे संपली नाही. २००९ साली एका प्रादेशिक विमानाच्या अपघातात ५० माणसे गेल्यानंतर अमेरिकेने नियम कडक केले आणि सहवैमानिकासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाची अट घातली. तयार माणूस मिळेनासा झाला. करोनानंतर तर टंचाईच पडली. २०२२ साली ईगलच्याच नव्या नावाच्या कंपनीने, एन्व्हॉयने, नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले. आठ वर्षांपूर्वी मालक ज्यांना दर गोठवा म्हणत होता, त्यांनाच आता तिपटीहून जास्त दर द्यायला तो तयार झाला. कारागिराचा भाव घोषणेने वाढतो त्यापेक्षा त्याच्या हुन्नराच्या टंचाईने जास्त वाढतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

उलट उदाहरण आपल्या मुंबईचे. जेट एअरवेजच्या वैमानिकांचे पगार २०१९ च्या सुरुवातीपासून थकले. त्यांच्या संघटनेने मार्चमध्ये ठरवले की १ एप्रिलपासून विमान उडवायचे नाही. मग ती तारीख १५ एप्रिलवर गेली, आणि ऐनवेळी पुन्हा पुढे ढकलली. ताणले तर कंपनी बुडेल असे काहींना वाटे, गप्प बसलो तर पगार बुडेल असे इतरांना. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री कंपनीच बंद पडली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला. मालकाच्या गल्ल्यात काही उरले आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय केलेला ठराव कागदावरच राहतो.

तीन वर्षांनी झालेला हिशेब

एस.टी.चे पुढे काय झाले? ३ सप्टेंबर २०२४ रोजी, गणेशोत्सवाच्या तोंडावर, कामगार पुन्हा थांबले. दुसऱ्याच दिवशी समझोता झाला. एप्रिल २०२० पासून मूळ वेतनात ६,५०० रुपये वाढ धरायची असे ठरले. ज्यांना २०२१ मध्ये ५,००० मिळाले होते त्यांना आणखी १,५००. ४,००० वाल्यांना २,५००. आणि २,५०० वाल्यांना ४,०००. बेरीज करून पाहा, तिघांचीही साडेसहा हजारच होते. वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाची २०२१ साली जी नाराजी होती, ती अशी तीन वर्षांनी दूर झाली. २०२१ चा संप सहा महिने चालला. २०२४ चा दोन दिवसांत मिटला. त्याला कारणे अनेक असतील. पण सर्वांना एकच आकडा मिळाला, की ‘त्याला जास्त, मला कमी’ हे म्हणणे उरत नाही, हे आम्हास महत्त्वाचे वाटते.

आपल्या धंद्यासाठी

आपले शिलाई कारागीर, यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणारे, हजारी दराने विड्या वळणाऱ्या बहिणी, अडतीवरचे हमाल, सर्वांपुढे दोन-चार वर्षांनी हाच प्रश्न येतो. शेठ दर वाढवतो, पण अर्धाच. घ्यावा की अडून बसावे? आमचा मशवरा असा.

पहिले म्हणजे, देऊ केलेला दर तोंडी ऐकू नका, लिहून घ्या, आणि मोठ्याने वाचून दाखवा. कोणाला किती मिळणार हे नव्याला आणि जुन्याला दोघांनाही कळू द्या. प्रस्तावात एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असेल, तर फूट तिथूनच पडते. ती आधी मालकाकडून दुरुस्त करून घ्या.

दुसरे, हात वर करून ठराव करू नका. हात वर करताना माणूस शेजाऱ्याकडे बघतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला कारागीर चारचौघांत ‘घेऊन टाका’ म्हणायला लाजतो. चिठ्ठ्या टाका, सर्वांसमोर मोजा, आकडा सांगा.

तिसरे, काम बंद ठेवायचे तर किती दिवस, हे आधी ठरवा. प्रत्येकाच्या घरात किती दिवसांचे धान्य आहे तेही पाहा. ज्याचा शेवट ठरलेला नाही असा संप सर्वांत आधी गरिबाला मोडतो.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यांची चिठ्ठी हरली त्यांना वाळीत टाकू नका. दर तीन वर्षांनी बदलतो. शेजार, नातेगोते आणि एका बाकावरची बसउठ आयुष्यभराची असते. एस.टी.च्या आगारांत पैशांचे नुकसान भरून निघाले, पण ‘तू तेव्हा कामावर गेलास’ हा टोमणा निघायला फार काळ लागतो.

आणि दुकानदारबंधूंनो, आपण स्वतः चार माणसे कामाला ठेवली असतील, तर हे सर्व आपल्यालाही लागू आहे. जुन्या माणसाला कमी आणि नव्याला जास्त देऊन काम निभावू पाहाल, तर आज वाचवलेले पाचशे रुपये उद्या कारखाना बंद ठेवून भरावे लागतील. दर ठरवताना दोघांनाही समोर बसवा, आकडा एकच सांगा, आणि सांगितलेला आकडा महिन्याच्या ठरल्या तारखेला हातात द्या.