अंडं नाही, म्हणून काय झालं?

"एगलेस आहे हो, बिनधास्त द्या मुलांना." गेल्या वर्षभरात हे वाक्य मी वाढदिवसाच्या पार्टीत ऐकलं, सोसायटीच्या आनंदमेळ्यात ऐकलं आणि परवा फोनवर सख्ख्या भाचीकडूनही ऐकलं. तेव्हा ठरवलं, आता लिहूनच टाकावं.

विषय आहे कुकी डोच्या चॉकलेटात बुडवलेल्या गोळ्यांचा. लोणी आणि पिठीसाखर फेसायची, त्यात मैदा, चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि चॉकलेटचे तुकडे घालून मळायचं, लिंबाएवढ्या गोळ्या वळून फ्रीजरमध्ये कडक करायच्या आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवून बटर पेपरवर ठेवायच्या. ओव्हन नाही, गॅस जेमतेम पाच मिनिटं. वरचं कवच कडकन फुटतं आणि आत मऊ, किंचित रवाळ गोळा लागतो. चवीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या 'एगलेस'च्या शिक्क्याबद्दल, आणि त्या शिक्क्यावर विसंबून चार वर्षांच्या पोरांच्या हातात कच्चा मैदा देण्याबद्दल.

कच्चं अंडं खाऊ नये, त्यात साल्मोनेला असू शकतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. त्यातून एक सोयीस्कर हिशेब निघाला: धोका अंड्याचा, अंडं काढलं, धोका गेला. आपल्याकडे तर एगलेस म्हणजे शुद्ध, सात्त्विक, निर्धोक अशी एक साखळीच डोक्यात तयार असते. पण त्या गोळीतला दुसरा कच्चा पदार्थ कोणी मोजतच नाही, कारण तो दिसायला कच्चा नसतो. मैदा पांढराशुभ्र, कोरडा, पाकीटबंद असतो. त्याला वास नाही, चिकटपणा नाही. अंडं फोडलं की कच्चं दिसतं, मैदा ओतला की तयार वस्तू वाटते.

तो तयार नसतो. गहू उघड्या शेतात वाढतो. तिथे पक्षी असतात, गुरं असतात, शेणखत असतं, पाटाचं पाणी असतं. मळणी, पोती, गोदाम, ट्रक असा प्रवास करून तो गिरणीत येतो. गिरणीत खडे, माती, फोलपटं निघतात, कोंडा वेगळा होतो, दळण होतं. या सगळ्यात जंतू मरतील इतकी उष्णता, इतका वेळ देणारी एकही पायरी साधारणपणे नसते, कारण पीठ पुढे शिजणारच हे गिरणीवाल्याने गृहीत धरलेलं असतं. चक्कीवरून आलेलं पीठ हाताला गरम लागतं, पण ती ऊब म्हणजे भाजणं नव्हे. चाळणीने किडे निघतात, जीवाणू निघत नाहीत. 'इतका प्रोसेस केलेला मैदा, त्यात जंतू कुठले?' असंही एका सुशिक्षित बाईंनी मला सुनावलं होतं. प्रोसेस म्हणजे दळणं आणि चाळणं, बाई. काही देशांत मैदा रसायनाने पांढरा करतात, त्यानेही हे जंतू मरतील याची खात्री नाही.

कोरड्या पिठात जीवाणू वाढत नाहीत, हे खरं आहे. पण वाढत नाहीत म्हणजे मरतात असं नव्हे. ते महिनोन् महिने निपचित पडून राहतात. ओलावा मिळाला की जागे होतात, आणि पोटात ओलाव्याला काय तोटा!

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेतली प्रकरणं पाहा. कुकी डो कच्चा चाटायची सवय मूळची तिकडची, म्हणून बऱ्याच नोंदीही तिकडच्याच. २००९ मध्ये दुकानात मिळणारा तयार कुकी डो कच्चा खाऊन ३० राज्यांत ७०हून जास्त माणसं आजारी पडली. जंतू होता ई. कोलाय ओ१५७. सगळ्यांना आधी अंडंच आठवलं. पण त्या डोमधली अंडी पाश्चराइज केलेली होती. बाकीच्या घटकांचाही माग काढल्यावर संशयाची सुई येऊन थांबली ती पिठावर. शंभर टक्के पुरावा हाती लागला नाही, पण कंपनीने पुढे त्या डोसाठी उष्णतेची प्रक्रिया केलेलं पीठ वापरायला घेतलं. २०१६ मध्ये शंकेला जागाच उरली नाही. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २४ राज्यांतल्या ६३ रुग्णांचा माग थेट मैद्याच्या पाकिटांपर्यंत काढला. पाकिटातल्या पिठात रुग्णांमधलाच जंतू सापडला, कोट्यवधी किलोंच्या घरात माल परत मागवावा लागला आणि तो सगळा तपास २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. २०२३ मध्ये पुन्हा मैदाच निघाला, त्या वेळी साल्मोनेला घेऊन.

२०१६च्या त्या प्रकरणातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. आजारी पडलेल्यांत काही लहान मुलं अशी होती, ज्यांनी काहीच कच्चं 'खाल्लं' नव्हतं. रेस्टॉरंटमध्ये जेवण येईपर्यंत गप्प बसावीत म्हणून त्यांच्या हातात खेळायला पिठाचा गोळा दिलेला होता.

पोळ्या करताना आई आपल्याला कणकेचा गोळा द्यायची, आपण त्याची चिमणी करायचो, आठवतंय? पण आमच्या घरी ती चिमणी खायची परवानगी तव्यावर भाजल्यानंतरच मिळायची. आधी तोंडात घातली तर पाठीत धपाटा. "कच्ची कणीक पोटात दुखवते," एवढंच आजीचं शास्त्र. आजीला ई. कोलाय माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण तिच्या सगळ्या स्वयंपाकात हा नियम मुरलेला होता. न शिजवता खायची पिठं आपल्याकडे कमी नाहीत. सातूचं पीठ दुधात कालवून खातात, ज्वारीच्या लाह्यांचं पीठ ताकात, मेतकूट तर भातावर थेट. पण सातूचे गहू दळण्याआधी भाजलेले असतात, लाह्या फुटलेल्या असतात, मेतकुटाच्या डाळी खमंग झालेल्या असतात. बेसन, रवा, कणीक, नाचणी, लाडू कशाचाही असो, भाजण्याशिवाय सुटका नाही. कच्चं पीठ साखर-तुपात मळून तसंच वळायचं, असा लाडू मला तरी आठवत नाही.

इथे कोणीतरी हात वर करतंच: "आम्ही लहानपणी केकचं भांडं बोटाने चाटून पुसायचो. काही झालं नाही." बरोबर. प्रत्येक पाकिटात जंतू नसतात, बहुतेकांत नसतातच. हेल्मेट न घालता ऑफिसला पोचणारेही रोज हजारो असतात. प्रश्न ज्याला लागतं त्याचा आहे. या जातीचा ई. कोलाय अगदी थोड्या संख्येनेही पुरतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तो कधी कधी थेट मूत्रपिंडांवर जातो. जुलाब होतील, ओआरएस देऊ, एवढ्यावर हे नेहमी भागत नाही.

आता दुसरा गैरसमज, जो पहिल्यापेक्षा मला जास्त छळतो, कारण तो अर्धवट वाचलेल्यांचा आहे. "अहो, मैदा मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवायचा. थर्मामीटर ७४ अंश दाखवतो. झालं." रीलमध्ये दाखवतात, भाचीनेही दाखवलं. हे ७४ अंश कुठून आले? कोंबडीकडून. शिजलेल्या चिकनच्या आत तेवढं तापमान आलं की साल्मोनेला मेला असं मानतात, आणि ते योग्यच आहे, कारण मांसात पाणी भरपूर असतं आणि ओल्या उष्णतेत जंतू झटकन मरतात. कोरड्या पिठात तेच जंतू चिवट होतात. चिकनमध्ये ज्या तापमानाला सेकंदांत संपतात, त्याच तापमानाला पिठात मिनिटांमागून मिनिटं तग धरतात. त्यात मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखा तापवत नाही. कुठे करपलेलं, कुठे कोमट. थर्मामीटर तुम्ही जिथे खुपसाल तिथलंच सांगतो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन म्हणूनच स्पष्ट सांगतं की कच्चं खाण्यासाठी घरी पीठ तापवू नका, सगळे जंतू मरतीलच याची खात्री नाही. पर्ड्यू विद्यापीठातल्या अन्नशास्त्रज्ञांनीही २०२१ मध्ये हाच इशारा दिला होता.

मग आइस्क्रीममध्ये कुकी डोचे तुकडे असतात ते कसे चालतात? व्हरमाँटच्या बेन अँड जेरीजने १९९१ मध्ये तो प्रकार डब्यात भरून लोकप्रिय केला. तिथे कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया केलेलं पीठ आणि पाश्चराइज केलेली अंडी वापरतात. किती तापमान, किती वेळ, किती ओलावा हे तपासून ठरवलेलं असतं. आपल्या ओट्यावर ती सोय नाही.

म्हणून हा पदार्थ सोडून द्या असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला तो आवडतो. मैद्याऐवजी आधीच भाजून झालेली वस्तू घ्या: बिस्किटं. २०० ग्रॅम मारी बिस्किटं मिक्सरमधून बारीक काढा, चाळा, त्यात ६० ग्रॅम मऊ बटर, १०० ग्रॅमच्या आसपास कंडेन्स्ड मिल्क, चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि चॉकलेटचे बारीक तुकडे घाला. कंडेन्स्ड मिल्क एकदम ओतू नका, बिस्किटं किती पितील ते ब्रँडवर आहे. गोळा वळला गेला की थांबा. डाळ्याचं पीठही चालतं, फक्त मग चव चिवड्याच्या वाटेने जाते. बेसन नीट भाजून केलंत तर उत्तमच. मंद आचेवर तुपात वीस-पंचवीस मिनिटं, रंग बदलून घरभर वास सुटेपर्यंत, ही काही मायक्रोवेव्हची दोन मिनिटं नव्हेत. पण तो मग कुकी डो राहत नाही, लाडूच होतो. होऊ दे की. बेसनाचा लाडू डार्क चॉकलेटात बुडवून एकदा खाऊन पाहा. आणि सोडा किंवा बेकिंग पावडर या कुठल्याच गोळ्यांत घालू नका. जे भट्टीत जाणार नाही ते फुगवायचं कशाला? उगाच साबणासारखी चव येते.

आता किरकोळ गैरसमज.

फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात: नाही, थिजतात. काही मरतात, पण भरवसा ठेवावा इतके नव्हे.

वरून चॉकलेटचं कवच आहे, आत हवा जात नाही, म्हणून टिकतं: कवच बाहेरचं बाहेर ठेवतं, आत जे आहे ते आतच राहतं.

चॉकलेट घट्ट झालं तर दोन थेंब पाणी घाला: कृपा करून घालू नका! वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. थोडं पाणी मिळालं की साखर चिकट होऊन कण एकमेकांना धरतात आणि सगळ्याचा खडबडीत गोळा होतो. डबल बॉयलरची वाफ पातेल्यात शिरली तरी तेच. पातळ करायचं तर चमचाभर बिनवासाचं तेल घाला. फाटलेलं चॉकलेट फेकू नका, त्यात भरपूर गरम दूध घालून मुलांना प्यायला द्या.

चॉकलेटवर पांढरट थर आला म्हणजे बुरशी: बहुतेक वेळा नाही. एक तर कोको बटर वर येऊन पुन्हा गोठलेलं असतं, नाहीतर फ्रीजमधून काढल्यावर दमट हवेत पाणी सुटून साखर वर आलेली असते. पावसाळ्यात मुंबईत हा दुसरा प्रकार हमखास. बोटाने चोळल्यावर विरघळला तर चरबी, खरखरीत लागला तर साखर. खाता येतं, फक्त पाहुण्यांसमोर ठेवता येत नाही. बुरशी लोकरीसारखी दिसते आणि कुबट वास मारते, ती ओळखायला शास्त्र लागत नाही.

कंपाउंड चॉकलेट म्हणजे भेसळ: भेसळ नव्हे, वेगळी वस्तू. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, म्हणून ते टेंपर न करताही, म्हणजे ठरावीक अंशांवर तापवून-गार न करताही, कडक होतं. चवीत मार खातं, हे मान्य. खरं चॉकलेट वापरायचं असेल तर डार्क ४५ ते ५० अंशांवर वितळवा, २७-२८पर्यंत थंड करा आणि पुन्हा ३१-३२वर आणून बुडवा, नाहीतर ते चकाकणार नाही आणि बोटांना लागत राहील.

गोळी जितकी गार तितकं कवच चांगलं: फ्रीजरमधून काढल्या काढल्या बुडवलीत तर थोड्या वेळात कवचाला तडे जातील. बाहेरचं चॉकलेट गोठून आकसतं आणि आतली गोळी ऊब मिळून फुगते. फ्रीजमधला अर्धा तास पुरे.

भाचीने शेवटी बिस्किटांच्याच केल्या. आनंदमेळ्यात स्टॉलवर पाटीही लावली: 'एगलेस, कच्च्या मैद्याशिवाय'. पहिल्याच काकूंनी पाटी वाचली, गोळी उचलली आणि विचारलं, "अगं, मैदा कच्चा कधीपासून असायला लागला?"