विमान दोन तासांचे, प्रवास किती तासांचा?

नाशिक रोडहून दिल्ली किती लांब? या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. आगगाडीने सुमारे १,३५० किलोमीटर. विमानाने सुमारे १,००० किलोमीटर. दिल्ली तीच, मग अंतर दोन कसे?

दिल्ली आपल्या उत्तरेला आहे. पण गाडी नीट उत्तरेला जात नाही. ती आधी पूर्वेकडे मनमाड, जळगाव, भुसावळ अशी जाते. मग इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा करीत दिल्ली गाठते. विमानाला ना डोंगर आडवा येतो, ना नदी. ते जवळजवळ सरळ रेघेत जाते. एक माणूस बांधाबांधाने गेला आणि दुसरा शेतातून आडवा गेला, तसेच हे.

आता वेळेचे पाहू. राजधानीसारख्या जलद गाडीला १५ ते १६ तास लागतात. इतर गाड्यांना जास्त. विमान नाशिकजवळच्या ओझरहून सुटते. तेथे १९६४ साली लढाऊ विमानांचा कारखाना निघाला. ओझरहून दिल्लीला विमान सुमारे २ तासांत पोचते.

“दोन तासांत दिल्ली!” असे ऐकून माणूस हुरळून जातो. पण आपण हिशेब पुरा मांडू.

नाशिक रोड ते ओझर : १ तास
विमान सुटण्याआधी हजर : २ तास
विमानात : २ तास
सामान घेऊन बाहेर : १ तास
दिल्लीत मुक्कामी : १ तास
एकूण : ७ तास

म्हणजे दोनाचे सात झाले. तरी विमान लवकर नेते, यात शंका नाही. पण नेहमीच नाही, बरं का!

समजा, आपला मुलगा दिल्लीला नोकरीस आहे. तो आजारी पडला. निरोप दुपारी ४ वाजता आला. गाडी आज संध्याकाळी ७ वाजता आहे. विमान उद्या संध्याकाळी ५ वाजता आहे. गाडीने निघालो तर उद्या दुपारी १२ पर्यंत मुलाच्या उशाशी पोचू. विमानाने गेलो तर रात्रीचे ९ वाजतील. येथे गाडीच नऊ तास आधी नेते, आणि पैसेही वाचतात. म्हणून आम्ही सांगतो, वेळ निरोप आल्यापासून मोजावी.

तिकीट स्वतः वाचावे. त्यावर १९:०० असेल, तर त्यातून १२ वजा करा. उरले ७. म्हणजे संध्याकाळचे सात. ००:१५ असेल, तर मध्यरात्रीनंतरची १५ मिनिटे. रात्री बारा वाजता तारीख बदलते. तिकिटावर ५ तारीख आणि ००:१५ असेल, तर ४ तारखेच्या रात्रीच स्टेशनावर जावे. ५ तारखेच्या रात्री गेलात, तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल.

विमानाच्या तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच आहे ना, हेही घरीच ताडून पाहावे.