अर्धविराम घ्या, टेन्शन घेऊ नका!

ऑफिसचं इंग्लिश म्हटलं की आपण स्पेलिंग तपासतो, ग्रामर तपासतो. पण सेमीकोलन, कोलन, हायफन आणि डॅश? ही चौकडी दिसली की भलेभले वळसा घालून जातात. खरं तर चौघंही आपल्या शाळेतली जुनी ओळखीची मंडळी आहेत!

एक छोटासा प्रयोग करा. गेल्या आठवड्यात पाठवलेले दहा इंग्लिश मेल उघडा आणि त्यातले शब्द सोडून फक्त चिन्हं बघा. काय दिसतं? भरपूर कॉमा, थोडे फुलस्टॉप, आणि जिथे नेमकं काय टाकायचं ते सुचलं नाही तिथे तीन टिंबं. कधी चार, कधी सहा. बॉस चिडलाय की विचारात पडलाय, हे त्या टिंबांवरून ओळखण्यात टीमचा अर्धा दिवस जातो!

म्हणजे कीबोर्डवर सगळी चिन्हं असूनही आपण दोन-तीनवरच संसार चालवतो. मानवत, सेलू, पाथरीकडून मराठी मीडियममध्ये शिकून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आलेल्या अनेकांना तर वाटतं, सेमीकोलन हा कॉन्व्हेंटवाल्यांचा प्रांत. आपण आपलं साधं लिहावं, चुकायला नको. पण दोस्तहो, या चिन्हांवर तुमचाही तितकाच हक्क आहे. कसा, ते बघायला थोडं मागे जाऊ या.

आजोबांच्या कागदात कॉमा नव्हता

मानवत आज परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आणि कापसाची नावाजलेली बाजारपेठ. १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभाराची भाषा उर्दू, आणि मराठवाड्यातले जुने मराठी कागद मोडी लिपीत. मोडीचा फंडा एकदम वेगळा. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचं. पोथ्यांत आणि अभंगांत एक दंड, दोन दंड असायचे, पण त्यांचं काम चरण संपला एवढं सांगण्यापुरतं.

मराठी गद्यात विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय जातं मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याकडे. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात तो होता. १८४७ मध्ये त्याचा इंग्रजी-मराठी कोश आला. आणि १८५० मध्ये त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. इंग्लिशमधली चिन्हं मराठीत कशी वापरायची, हे सांगणारं.

थोडक्यात, सेमीकोलन म्हणजे आपला अर्धविराम. कोलन म्हणजे अपूर्णविराम. हायफन म्हणजे संयोगचिन्ह आणि डॅश म्हणजे अपसारण चिन्ह. मराठीच्या पेपरात ‘योग्य विरामचिन्हे द्या’ म्हटल्यावर आपण मार्कांसाठी जे घोकलं, तेच हे. ज्याने अर्धविराम शिकलाय त्याला सेमीकोलन नव्याने शिकायचाच नाहीये. फक्त वापरायची भीड मोडायची आहे.

सेमीकोलन: दोन भाऊ, एक भिंत

प्रत्येक चिन्ह दोन गोष्टींमधलं नातं सांगतं, एवढं डोक्यात ठेवलं की नियम आपोआप सुचतात. हे वाक्य बघा: ‘द बिल्ड इज रेडी; द टेस्टिंग इज नॉट.’ दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्यं आहेत, पण एकीशिवाय दुसरीला मजा नाही. फुलस्टॉप टाकला तर त्या दोन सुट्या बातम्या होतात. नुसता कॉमा टाकला तर इंग्लिशमध्ये ती सरळ चूक. दोन सख्खे भाऊ, स्वयंपाकघरं वेगळी, मधली भिंत एकच. सेमीकोलन म्हणजे ती भिंत.

टेस्ट सोपी आहे. सेमीकोलनच्या जागी फुलस्टॉप ठेवून बघा. दोन्ही तुकडे आपापल्या पायावर उभे राहिले तर सेमीकोलन बरोबर. एक जरी लंगडला तर काढून टाका.

ऑफिसात सगळ्यात जास्त होणारी गडबड ‘हाउएव्हर’पाशी होते. ‘द सर्व्हर इज डाऊन, हाउएव्हर, द टीम इज वर्किंग’ असं आपण बिनधास्त लिहितो. इथे ‘हाउएव्हर’च्या आधी सेमीकोलन हवा, नंतर कॉमा. ‘देअरफोर’लाही हाच न्याय.

दुसरं काम यादीतलं. मीटिंगला आलेले लोक ‘पुणे, महाराष्ट्र, हैदराबाद, तेलंगणा, सुरत, गुजरात’ असे लिहिले तर ठिकाणं तीन की सहा? ‘पुणे, महाराष्ट्र; हैदराबाद, तेलंगणा; सुरत, गुजरात’ असं लिहा. झालं! यादीच्या आतच कॉमा असतील तर मोठ्या कप्प्यांना सेमीकोलन.

कोलन: पडदा उघडतोय

कोलन म्हणजे ‘आता ऐका’ अशी हाळी. ‘वी नीड थ्री थिंग्ज: टाइम, मनी अँड पेशन्स.’ डाव्या बाजूला पूर्ण वाक्य हवं, एवढीच अट. म्हणून ‘अवर ऑफिसेस आर: पुणे, नागपूर अँड नाशिक’ हे चूक. ‘आर’पाशी वाक्य अर्धवट आहे, तिथे कोलन ठोकला म्हणजे बोलताबोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तसं होतं. एक तर कोलन काढा, नाही तर ‘वी हॅव थ्री ऑफिसेस’ असं पूर्ण करून मग टाका.

हायफन: कापसाच्या बाजारात चला

हायफन सगळ्यात बुटका आणि सगळ्यात खोडकर. त्याची किंमत कळायला मानवतच्या बाजारपेठेसारखी जागा नाही. कापसाचा भाव ठरवताना धाग्याची लांबी बघतात. भारतात साधारण २७.५ ते ३२ मिलिमीटर लांबीच्या धाग्याला ‘लॉन्ग स्टेपल’ म्हणतात आणि ३२.५ मिलिमीटरपासून पुढे ‘एक्स्ट्रा लॉन्ग स्टेपल’. दुसऱ्याचा भाव अर्थातच चढा.

आता समजा एखाद्या निर्यातदाराला मेल आला: ‘प्लीज सेंड एक्स्ट्रा लॉन्ग स्टेपल कॉटन.’ हवंय काय? लांब धाग्याचाच कापूस, पण जास्तीचा? की अतिलांब धाग्याचा? ‘एक्स्ट्रा लॉन्ग-स्टेपल कॉटन’ म्हणजे पहिला अर्थ. ‘एक्स्ट्रा-लॉन्ग-स्टेपल कॉटन’ म्हणजे दुसरा. एवढीशी रेघ, पण माल बदलतो आणि बिलही बदलतं!

असंच ‘ट्वेंटी फाइव्ह किलो बॅग्ज’चं. ‘ट्वेंटी फाइव्ह-किलो बॅग्ज’ म्हणजे पाच किलोच्या २० पिशव्या, म्हणजे १०० किलो. ‘ट्वेंटी-फाइव्ह-किलो बॅग्ज’ म्हणजे प्रत्येक पिशवी २५ किलोची, आणि पिशव्या किती ते गुलदस्त्यात. नियम असा: दोन-तीन शब्द मिळून पुढच्या नामाचं एकच विशेषण होत असतील तर त्यांना हायफनने बांधा.

आणि एचआरला मेल करताना जरा जास्तच सांभाळा. करारावर पुन्हा सही करायची असेल तर ‘री-साइन’मध्ये हायफन हवाच. तो गळला की त्याच अक्षरांचं ‘रिझाइन’ होतं. बाय बाय पार्टीची तयारी!

एका कॉमाची किंमत

‘समजून घेतील ना यार, एवढं काय?’ असं वाटत असेल तर दोन खऱ्या गोष्टी ऐका.

पहिली आपल्याच महाराष्ट्रातली. औषधांचा साठा जवळ सापडला म्हणून दोषी ठरलेल्या एकाचं महाराष्ट्र सरकारविरुद्धचं अपील सुप्रीम कोर्टात होतं. १९७९ च्या कायदेविषयक अहवालांत हा निकाल छापलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या तेव्हाच्या कलम २७ मध्ये शब्द होते: ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’. आधीच्या दोन्ही तुकड्यांनंतर कॉमा आहे, ‘स्टॉक्स’नंतर नाही. म्हणजे ‘फॉर सेल’ हे शब्द साठ्यालाही लागू. नुसता साठा जवळ असणं पुरेसं नाही, तो विक्रीसाठी आहे हे सिद्ध व्हायला हवं, असं कोर्टाने म्हटलं. विक्रीचा हेतू सिद्ध झाला नव्हता; माणूस सुटला. नसलेल्या कॉमाने तुरुंगाचं दार उघडलं, म्हणा ना.

दुसरी अमेरिकेतल्या मेन राज्यातली. ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रक ड्रायव्हरांनी ओव्हरटाइम मागितला. कायद्यात ज्या कामांना ओव्हरटाइम नाही त्यांची यादी होती आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, हे सगळं पॅकिंगबद्दल आहे, आम्ही तर माल पोचवतो! २०१७ मध्ये अपील कोर्टाने कायद्याचा अर्थ संदिग्ध असल्याचं सांगून त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलर्सवर तडजोड केली. खरी गंमत पुढेच. राज्याने नंतर ती यादी दुरुस्त केली तेव्हा प्रत्येक कामाच्या पुढे काय टाकलं माहितेय? सेमीकोलन!

डॅश आणि नवा संशय

डॅशचे दोन प्रकार. मध्यम डॅश हद्द दाखवतो: ‘९–५ जॉब’, ‘२०१९–२०२४’. लांब डॅश मध्येच एखादी गोष्ट सांगून जाण्यासाठी. चहाच्या टपरीवर बोलताना आपण थबकून आवाज बदलतो ना, तसा. हायफन जोडतो, डॅश तोडतो. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पण हल्ली लांब डॅशच्या मागे वेगळंच शुक्लकाष्ठ लागलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, सगळे त्याच्याकडून मेल लिहून घेऊ लागले, आणि त्या मजकुरात लांब डॅशांचा सुळसुळाट असतो हे लोकांच्या लक्षात आलं. आता कुणी स्वतः डॅश टाकला तरी शेजारच्या क्युबिकलमधून प्रश्न येतो, ‘काय रे, मशीनकडून लिहून घेतलंस का?’ म्हणून डॅश सोडून द्यायची गरज नाही. इंग्लिश लेखक तो शेकडो वर्षं वापरतायत. फक्त एका मेलमध्ये एखादाच पुरे. आणि तो तिथे का आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. मशीनने दिलेला मेल जसाच्या तसा पुढे ढकलणाऱ्याला नेमकं तेच सांगता येत नाही.

सेंड दाबण्याआधी

• सेमीकोलनच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य आहे ना? यादी असेल तर आतल्या कॉमांमुळे घोटाळा होतोय का?

• कोलनच्या डावीकडचं वाक्य पूर्ण आहे ना?

• ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी टाकलीय? तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून बघा. बसलं तर ठेवा, नाही तर उडवा.

• तीन टिंबं खरंच हवीत का? काही गाळलं असेल किंवा वाक्य मुद्दाम अर्धवट सोडलं असेल तरच. ‘गुड मॉर्निंग’पुढे त्यांचं काही काम नाही.

• शंका आली? वाक्य तोडा आणि फुलस्टॉप द्या. छोटं वाक्य कधीच गावंढळ नसतं.

ही पाच पावलं दोन मिनिटांत होतात. फायदा काय? क्लायंटला तुमचं म्हणणं दोनदा वाचावं लागत नाही, टीमला अर्थ लावत बसावं लागत नाही, आणि करारात ‘मला असं म्हणायचं नव्हतं’ अशी वेळ येत नाही. फाड फाड बोलायला अ‍ॅक्सेंट लागतो म्हणतात. लिहायला तो लागत नाही बॉस! कागदावर मानवतचा मुलगा आणि मलबार हिलचा मुलगा एकाच आवाजात बोलतात; कोण कुठे थांबतो, फरक एवढाच.