झाडणाऱ्या हातांचं अध्यात्म

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या फड्याला हळदकुंकू वाहतात. वर्षभर तो फिरवणाऱ्या हातांची पूजा मात्र कुठल्याच पोथीत नाही. झाडलोटीत देव पाहणारी आपली परंपरा नेमकं काय पूजते, हा प्रश्न मला कित्येक वर्षं सोडत नाही. त्याचा माग काढत गेले आणि भंडाऱ्यातच येऊन थांबले.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे सुरुवातीचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर इथलेच. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या स्वामींच्या चरित्रग्रंथात, लीळाचरित्रात, ब्रह्मविद्येच्या जोडीला घरकामाची केवढी वर्दळ आहे! सडासंमार्जन होतं, चौक भरले जातात, पाणी तापतं. शिष्या बाइसा स्वामींची सारी सेवा करतात आणि त्या धबडग्यातच त्यांचे प्रश्नही चालू असतात. पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती विटाळाची लीळा. मासिक पाळीच्या शिवाशिवीबद्दल स्वामी सांगतात की नाकाकानांतून मळ येतो तसाच हाही देहाचा एक स्राव, त्याचा विटाळ धरायचा नाही. म्हणजे मळ धुवायचा, माणूस दूर लोटायचा नाही. सातशे वर्षं हे वाचूनही आपल्या घरांत बाई त्या चार दिवसांत बाजूला बसतच राहिली.

मळ साफ करणाऱ्यांच्या कामाला पवित्र म्हणावं का, या प्रश्नावर पुढे मोठा वाद झडला. गांधीजी १९३६ साली विदर्भातल्या सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. मैला उचलणाऱ्याचं काम आईनं बाळासाठी केलेल्या कामासारखं आहे, असं त्यांनी त्याच वर्षी लिहिलं. डॉ. आंबेडकरांनी १९४५च्या आपल्या ग्रंथात या गौरवावर कडाडून हल्ला केला. एका जातीवर जन्मानं लादलेलं काम पवित्र ठरवणं म्हणजे तिला त्यातच डांबून ठेवणं, हा त्यांचा आक्षेप. माझं मत बाबासाहेबांकडे झुकतं. पहाटे अंगणात सडा टाकणाऱ्या बाईच्या ‘साधने’लाही हीच कसोटी लावली पाहिजे: ती नको म्हणू शकते का?

 गांधीजींच्या लेखाला विरोध करणाऱ्या बाबासाहेबांना संत गाडगेबाबांच्या झाडूबद्दल मात्र आदर होता, आणि त्याचं कारण मला स्पष्ट दिसतं. गाडगेबाबांवर तो झाडू कुणी लादला नव्हता. दिवसा ते गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला कर्ज, दारू, नवससायास आणि शिवाशिव यांवरून फैलावर घेत, मुलांना शाळेत घाला म्हणून विनवत. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांतली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. गावोगाव झाडत फिरलेल्या माणसानं आपली वास्तू दिली ती शिक्षणसंस्थेला.