चलन करण्याचा अधिकार येतो कुठून आणि तो परत कोण घेऊ शकतो?

शेंद्रा एमआयडीसीतली पाळी सुटली की जालना रोडवर दुचाकींची गर्दी होते. त्यात एखाद्या कंत्राटी कामगाराची गाडी अडवली गेली, तर त्याचा दिवसाचा रोज दंडात जातो. मग वस्तीतल्या बैठकीत तरुण आम्हाला विचारतात, "यांचा हा अधिकारच काढून घेता येत नाही का?"

काही अधिकार काढून घेता येतात. कोणते, ते समजून घेऊ.

काही अधिकार थेट कायद्याने दिलेले आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितल्यास लायसन्स दाखवावेच लागते. लायसन्स, नोंदणी किंवा आवश्यक परमिट नसल्यास कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते. हेल्मेट नसणे हे कारण त्या कलमात नाही. हे अधिकार बदलायचे तर कायदाच बदलावा लागेल.

जागेवर दंड घेऊन प्रकरण मिटवण्याचा अधिकार मात्र सोपवलेला आहे. तो कोणत्या अधिकाऱ्याने, किती रकमेवर वापरायचा, हे कलम २०० प्रमाणे राज्य सरकार राजपत्रातील अधिसूचनेने ठरवते. आणि जो अधिसूचना काढतो तो ती बदलू किंवा रद्दही करू शकतो, असे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम १८९७ चे कलम २१ सांगते.

शेजारचे उदाहरण घ्या. पर्यटकांच्या छळाच्या तक्रारी वाढल्यावर जून २०२५ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केले, की चलन फक्त पोलीस निरीक्षक व उपअधीक्षक दर्जाचे अधिकारीच करतील, तेही अंगावर कॅमेरा लावून. वाहतुकीचे नियम तेच राहिले, फक्त ते राबवणारे हात कमी केले.

तिथे पर्यटकांचे म्हणणे ऐकले गेले. कामगारांचे ऐकले जावे यासाठी आपल्याकडे कागद हवा. माहिती अधिकारात दहा रुपये भरून गृह विभागाकडे अर्ज करा: कलम २०० खालील अधिसूचनेची प्रत आणि त्यात अधिकार दिलेल्या पदांची यादी मागा. उत्तरासाठी मुदत ३० दिवसांची आहे. ती प्रत जोडून निवेदन द्या: पदाची मर्यादा घाला, कॅमेरा सक्तीचा करा, रोख दंड बंद करा.

तोवर हेल्मेट घाला, कागद जवळ ठेवा आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

जय भीम!